चांदीच्या गव्हाणीचे चार दोष

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता चांदीचं घुबड खोटं ठरलं आणि साडेअकराला चिमणी चोर ठरली. मधल्या अर्ध्या तासात कुणी तिला साधं विचारलंसुद्धा नाही, की बाई गं, तुझं काय म्हणणं आहे?

ही बातमी घेऊन चिमणी स्वतःच मावशीच्या दारात आली. मावशी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून चिमट्याने एक करडी गोळी फोडत बसली होती. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकून टाकतं. त्या गोळ्या जमवायच्या आणि आतले इवलेसे जबडे मोजायचे, हा मावशीचा निवृत्तीनंतरचा उद्योग. तीस वर्षं तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. गल्लीतले लोक तिला तोंडावर ‘घुबडमावशी’ म्हणत आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

“मावशी, माझा ठसा काढून घेणार आहेत,” चिमणी म्हणाली आणि खुर्ची सोडून भिंतीला टेकून खालीच बसली.

मावशीने चिमटा ठेवला. भाचीचा ठसा म्हणजे काय चीज आहे हे तिला चांगलं माहीत होतं. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, टोकाला तांदळाएवढी चिमणी कोरलेली. दागिन्याच्या मागे तो उमटला, की तो दागिना हिने घडवला. कारागीर संघाकडे नऊ वर्षं उमेदवारी केल्यावर तो मिळाला होता. तो गेला, की आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली कानस घासत बसायचं.

“रडायचं नंतर. आधी सगळं नीट सांग. पहिल्यापासून.”

चिमणीने नाक पुसलं आणि सांगितलं. संग्रहालयात रविवारी घुबडांच्या दागिन्यांचं प्रदर्शन उघडणार होतं. त्यातला मानाचा दागिना म्हणजे चांदीच्या गव्हाणी घुबडाचा ब्रोच. सत्तर वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका जुन्या कारागिराने तो घडवला होता. आता तो होता मालकीणबाईंचा, त्यांच्या सासूकडून आलेला. बदामाच्या आकाराचा घुबडाचा चेहरा म्हणजे एक झाकण होतं, पण बिजागरीची खीळ गंजून ते कित्येक वर्षं उघडलंच नव्हतं. म्हणून ब्रोच चिमणीकडे दुरुस्तीला आला. नऊ दिवस तिच्याकडे होता. बुधवारी मालकीणबाईंचे धाकटे दीर येऊन तो संग्रहालयात घेऊन गेले. आज संघाचे चिटणीस, मोठे नावाजलेले पारखी, प्रदर्शनाआधी तपासायला आले, भिंग लावलं आणि म्हणाले, ही नक्कल आहे.

“आणि मूळ ब्रोच मी विकला म्हणे! मला तो बघूसुद्धा दिला नाही, मावशी. उद्या चार वाजता सगळे माझ्या कारखान्यात येणार, ठसा घेणार. आणि सोमवारी पोलीस.”

“उद्या चार,” मावशी म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छच होता. “म्हणजे पुष्कळ वेळ आहे. ऊठ, तोंड धू. मी चप्पल घालते.”

२

बदल झाला असेल, तर तो तीनच ठिकाणी होऊ शकत होता. चिमणीच्या टेबलावर, दिरांच्या हातात, नाहीतर संग्रहालयाच्या कपाटात. पहिलं ठिकाण मावशीने बाद केलं. ते बाद करायला तिला पुरावा लागत नव्हता, आणि नेमकी हीच आपली अडचण आहे हेही तिला कळत होतं. जगाला पुरावा लागतो.

म्हणून ती आधी दिरांकडे गेली. दीर गोरेगोमटे, पन्नाशीचे, अंगावर कायम इस्त्रीचे कपडे. दार उघडून त्यांनी मावशीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“बुधवारी कारखान्यातून निघालात तीनला,” मावशीने पाणी न पिताच सुरुवात केली. “संग्रहालयात पोचलात साडेचारला. चालत दहा मिनिटांचा रस्ता. मधे कुठे होतात?”

“मित्र भेटला होता.”

“कोण मित्र?”

“तुम्ही ओळखत नाही त्याला.”

“मी या शहरातल्या अर्ध्या माणसांना नापास केलंय. नाव सांगा, ओळखेन.”

दिरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मावशी पुढे वाकली. चोर सापडला की काय इतक्या लवकर?

“वहिनींना सांगणार नाही ना?” ते कुजबुजले. “मी केस काळे करायला गेलो होतो.”

मावशीने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. वीस वर्षं सगळं शहर ज्या काळ्याभोर केसांचं कौतुक करत होतं, तेच हे केस!

“आणि ब्रोचची डबी?”

“मांडीवर होती. त्या कापडाखाली. दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, देवाशप्पथ. नाक खाजलं तरी हात काढला नाही.”

मावशीला हसू आवरेना. हा माणूस खोटं बोलत होता खरा, पण दागिन्याबद्दल नाही. केशकर्तनालयातल्या दोघांनी त्याच दुपारी तिला तेच सांगितलं, शिवाय रंगाचा नंबरही सांगितला.

३

संग्रहपालांना सगळे मागून ‘कुलूपराव’ म्हणत. मावशी समोरूनही म्हणायची. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येतायत हे दोन दालनं आधी कळायचं. त्यांच्या इमारतीत कपाटाला कुलूप, कुलपावर लाखेचं सील आणि सीलची नोंद वहीत, असा कारभार होता. खडूच्या डबीलाही कुलूप होतं म्हणतात.

“माझ्या कपाटातून?” कुलूपराव दुखावले. “मॅडम, त्या कपाटाची एकच चावी आहे आणि ती घेऊन मी आंघोळ करतो.”

“माझा तुमच्यावर संशय नाही हो. मला फक्त ते घुबड दाखवा.”

नियमात बसतं का, यावर कुलूपरावांनी पाच मिनिटं विचार केला. मग त्यांनी पांढऱ्या कापडावर ब्रोच ठेवला आणि बाजूला पारख्यांचा लेखी अहवाल. मावशीने आधी घुबडच पाहिलं.

तळहाताएवढं असेल. फांदीवर बसलेलं, समोर बघणारं. पिसांची एकेक कड वेगळी. डोळे काळ्या दगडाचे. चेहऱ्याच्या कडेला नख लावल्याबरोबर झाकण अलगद उघडलं. चिमणीचं काम! मावशीने भिंग काढून आत पाहिलं.

मग तिने अहवाल वाचला. त्यात चार दोष लिहिले होते. झाकणाच्या आत कानांच्या जागी बसवलेले दोन लाल खडे वरखाली आहेत, एका रेषेत नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीच्या नामांकित कारागिराकडून अशी चूक अशक्य. पायाची बोटं दोन पुढे, दोन मागे आहेत. पक्ष्याला तीन पुढे आणि एक मागे असतं, हे नक्कल करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मधल्या नखाच्या आतल्या कडेला कानशीचे ओरखडे तसेच राहिलेत. आणि चौथा: डाव्या पायाच्या नखावर हे ओरखडे टोकापर्यंत आहेत, उजव्या पायाच्या नखावर मात्र सहा ओढून सोडून दिलेत, पुढे एक खळगा आणि मग गुळगुळीत, म्हणजे काम घाईत उरकलं आहे.

वाचता वाचता मावशी हसायला लागली. आधी बारीक, मग इतकी, की कुलूपरावांनी दालनाचं दार लावून घेतलं.

“अहो कुलूपराव, हा माणूस चांदीतला पारखी असेल, पण घुबडातलं याला ओ की ठो कळत नाही! गव्हाणी घुबडाचे कान वरखालीच असतात. डावा वर, उजवा खाली. म्हणून तर त्याला काळोखात उंदीर कुठे आहे ते ऐकूनच कळतं, वर आहे की खाली आहे. आवाज दोन कानांना वेगवेगळा लागतो. चेहऱ्याच्या पिसांखाली असतात ते, बाहेरून दिसत नाहीत. या कारागिराने चेहऱ्याखालीच दाखवलेत, बघा, झाकण उघडल्यावर! आणि बाहेरचं बोट घुबड मागे वळवू शकतं. फांदीवर बसलं, की दोन पुढे आणि दोन मागे. आणि हे ओरखडे नाहीत, हे दात आहेत. फणीचे! गव्हाणीच्या मधल्या नखाला फणी असते, पिसं विंचरायला.”

“म्हणजे?” कुलूपराव म्हणाले.

“म्हणजे हे घुबड कुणी बदललंच नाही. हे खरंच आहे! ज्याने हे केलं, त्याने घुबड हातात धरून पाहिलं होतं.”

एवढं बोलेपर्यंत तिची बोटं चौथ्या दोषावर आली आणि हसू थांबलं. उजव्या नखावर सहाच दात, पुढे खळगा. असं का? गव्हाणीच्या दोन्ही नखांना फणी असते, सारखी. असल्या कसबी माणसाने उजवा पाय अर्धवट का सोडावा? तिला उत्तर येईना, आणि ते येत नाही हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही.

४

चौथ्याचं नंतर बघू, तीन तर आहेत, असं म्हणत मावशी पारख्यांच्या पेढीवर गेली ती विजयाच्या तोऱ्यातच. पारखी शांत गृहस्थ होते. बोलताना आवाज चढत नसे आणि टेबलावर कागदाचा कपटा दिसत नसे. मावशीने कान सांगितले, बोटं सांगितली, फणी सांगितली. त्यांनी एकदाही तिला अडवलं नाही. चहा मागवला.

ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, “हे सगळं किती लोकांना माहीत असेल, बाई?”

“फारसं कुणाला नाही. हाच तर मुद्दा आहे. नक्कल करणारा चोर कुठून...”

“तुमच्या भाचीला माहीत आहे?”

मावशीची मान आपसूक होकारार्थी हलली.

“लहानपणापासून तुमच्या घरात वाढली ना ती? टेबलावर घुबडाच्या गोळ्या, भिंतीवर घुबडाचे सांगाडे.” पारखी हसले, अगदी मायेने. “मूळ दागिन्याच्या आत काय होतं हे आज हयात असलेल्या कुणीच पाहिलेलं नाही. झाकण बंदच होतं. एवढी नक्कल नऊ दिवसांत होत नाही, ती आधीच जुन्या फोटोवरून केली असणार, आणि फोटोत पंजे सावलीत आहेत. म्हणजे नक्कल करणाऱ्याला या जागा मनाने भराव्या लागल्या. आणि त्या भरल्या कुणी? घुबडाचे कान वरखाली असतात हे माहीत असणाऱ्या कारागिराने. अशी या शहरात एकच आहे. मला शंका होती, तुम्ही खात्री करून दिलीत. तुमचा मी आभारी आहे.”

चहा आला होता. मावशी तो तसाच ठेवून उठली.

“आणि त्या नकलेचं काय करणार?” दाराशी आल्यावर तिने कसंबसं विचारलं.

“माझ्याकडे ठेवून घेतो. अशा वस्तू बाजारात फिरू नयेत.”

रस्त्यावर येऊन मावशी एका दुकानाच्या पायरीवर चक्क बसली. स्वतःच्या तोंडाने भाचीच्या गळ्यात फास अडकवून आली होती ती. तीस वर्षांच्या मास्तरकीने तिला बोलायला शिकवलं होतं, गप्प बसायला नव्हतं शिकवलं. मेली ही जीभ! तिला इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणीच आलं.

५

शनिवारी सकाळी चिमणीने दार उघडलं तेव्हा मावशी बाहेर उभी होती. डोळे तांबडे, पण कंबर कसलेली.

“चिमे, तू ते घुबड दुरुस्त केलंस तेव्हा उजव्या पायाचं नख पाहिलं होतंस?”

“पाहिलं ना. सहा दात आणि खळगा. मला वाटलं कुणीतरी कधीतरी आपटलं असेल. पण चांदी आपटल्यासारखी नव्हती. तो खळगा मुद्दाम घडवलेला होता. मी तुला विचारणारच होते, की असं असतं का.”

“नसतं,” मावशी म्हणाली. “कुठल्याच पुस्तकात नसतं. मला माहीत नाही, म्हणजे तुलाही मी ते कधी शिकवलेलं नाही!”

आणि हे बोलता बोलता ती मधेच थांबली. काल दिवसभर ती चौथ्या दोषाला अडचण समजत होती. अगं पण, पारख्यांचं सगळं म्हणणं हेच ना, की मावशीला जे येतं ते भाचीला येतं? मग मावशीलाही जे येत नाही, ते चांदीत कुठून आलं?

ती जवळजवळ धावतच संग्रहालयात गेली.

“कुलूपराव, फणीचे दात कोरायचे तर पक्षी हातात हवा. लांबून झाडावर दिसणारं काम नाही ते. त्या कारागिराकडे घुबड होतं. ते मेल्यावर त्याने काय केलं असेल? ज्याने सत्तर वर्षं टिकेल असा दागिना केला, तो पक्षी पुरून टाकेल?”

कुलूपरावांनी जुन्या नोंदींचा खण उघडला. पिवळी कार्डं, शाईचं अक्षर. त्यांची बोटं एका कार्डावर थांबली तेव्हा मावशी समजली.

“गव्हाणी, मादी,” त्यांनी वाचलं. “पेंढा भरलेली. देणगीदार, चांदीचे कारागीर. शेरा: कारखान्याच्या माळ्यावर आठ वर्षे राहिली, माणसाळलेली.” त्यांनी घसा साफ केला. “कपाट क्रमांक अकरा. पण मॅडम, ते कपाट कीड लागू नये म्हणून माझ्या आधीच्या संग्रहपालांनी सील केलंय. एकतीस वर्षांपूर्वी. ते फोडायचं म्हणजे...”

“चिमणी किती वर्षांची आहे सांगू? अठ्ठावीस.”

कुलूपरावांनी कमरेचा जुडगा काढला. मग दोन साक्षीदार बोलावले, वहीत नोंद केली, सीलचा फोटो काढला आणि डोळे मिटून सील फोडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटावं, की स्वतःचा दातच उपटतायत.

आत काचेच्या पेटीत ती बसली होती. पांढरी छाती, बदामी चेहरा. मावशीने भिंग काढलं आणि उजव्या पायाकडे वाकली.

६

चार वाजता कारखान्यात जागा पुरेना. मालकीणबाई खुर्चीत, ताठ. मागे त्यांचे दीर. पारखी कागद घेऊन उभे. कुलूपरावांच्या हातात ब्रोचची डबी होती आणि पायाशी कापडाने झाकलेली एक मोठी पेटी. चिमणीने ठसा टेबलावर काढून ठेवला होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“आटपा,” मालकीणबाई म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंची वस्तू गेली. मला आता या मुलीचं तोंडही बघायचं नाही. आणि ते खोटं घुबडही नको डोळ्यांसमोर.”

“मी घेऊन जातो ते,” पारखी म्हणाले.

“कशाला?” मावशी मधे पडली. “इथे भट्टी आहे, मूस आहे. वितळवून टाकू. बाईंच्या डोळ्यांदेखत. चिमे, ज्योत लाव.”

चिमणीने मावशीकडे पाहिलं. मावशीचा चेहरा दगडासारखा होता. चिमणीने ज्योत लावली. निळी जीभ सूं करून उठली. कुलूपरावांनी डबी उघडली खरी, पण ती छातीशीच धरून ठेवली.

“खोट्याचं हेच करावं,” मालकीणबाई म्हणाल्या. “वितळवा.”

“नको!” पारखी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “म्हणजे... पुरावा आहे तो.”

“मला पुरावा नकोय,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे.”

मावशीने चिमट्यात ब्रोच धरला आणि ज्योतीकडे नेला. वीतभर अंतर उरलं.

“अहो थांबा! मी विकत घेतो. बाई म्हणतील ती किंमत देतो!”

मावशीने हळूच हात मागे घेतला आणि ब्रोच पांढऱ्या कापडावर ठेवला.

“नकलेला?” तिने विचारलं. “बाई म्हणतील ती किंमत?”

पारख्यांनी रुमालाने ओठ टिपले. सावरायला त्यांना वेळ लागला नाही. “सुबक काम आहे. मला आवडलं. आवडणं हा काही गुन्हा नाही. ते खरं आहे असं यातून सिद्ध होत नाही.”

“नाही होत,” मावशी म्हणाली. “बरोबर बोललात. सिद्ध आता होईल. तुमच्या अहवालातला चौथा दोष वाचा बघू. मोठ्याने.”

“त्याचा काय संबंध?”

“वाचा हो,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, पण ती आता चिमणीसाठी नव्हती.

पारख्यांनी वाचलं. सहा ओरखडे, खळगा, मग गुळगुळीत.

“काल तुम्ही मला सांगितलंत, की हे घुबड माझ्या भाचीने माझ्याकडून शिकलेल्या माहितीवर केलं. कान, बोटं, फणी, सगळं मान्य. पण या उजव्या नखाचं मला काही माहीत नव्हतं. कुठल्याच घुबडाला असं नख नसतं. जगात एकच होतं.” तिने कुलूपरावांना खूण केली. “तिला बाहेर काढा.”

कापड बाजूला झालं. पेटीतली पांढरी मादी कारखान्यातल्या सगळ्यांकडे बघत होती. कुलूपरावांनी कार्ड वाचलं, सीलची तारीख वाचली, साक्षीदारांची नावं वाचली, आणखीही वाचत राहिले असते, पण मावशीने त्यांचा दंड धरला.

“बाई, तुम्ही या,” ती म्हणाली आणि भिंग पुढे केलं. “मी मोजलं तर मी मावशी. तुम्ही मोजा. उजवा पाय, मधलं नख.”

मालकीणबाई उठल्या. काचेवर वाकून त्यांनी भिंग लावलं.

“एक,” त्या म्हणाल्या. “दोन. तीन. चार. पाच. सहा.” मग भिंग थोडं पुढे सरकलं. “आणि पुढे खळगा आहे.”

“लहानपणी बोट कशात तरी सापडलं असणार. पुढे नख वाढलं ते तसंच,” मावशी म्हणाली. “आठ वर्षं ती त्या कारागिराच्या माळ्यावर राहिली. त्याने कुठलंही घुबड नाही घडवलं, बाई. त्याने हिला घडवलं, व्यंगासकट. आणि हिच्यावर कुलूप पडलं तेव्हा माझी चिमणी जन्माला यायची होती. सांगा आता पारखीसाहेब, तिने हे नख कुठे पाहिलं?”

पारखी कागदाची घडी घालायला गेले, ती जमेना.

“तुम्हाला ते खरं आहे हे पहिल्यापासून माहीत होतं,” मावशी पुढे म्हणाली. “कुणी काही बदललं नव्हतं. कपाट फोडायची गरज नाही, कुलूप तोडायची गरज नाही. तुम्ही नुसतं ‘खोटं’ म्हणायचं, मालकाने किळसून टाकून द्यायचं आणि तुम्ही उचलायचं. नुसत्या शब्दाने चोरी! मधल्यामधे एक पोर चिरडली गेली तर गेली.”

“एका संग्राहकाने किती वर्षं मागितलं होतं...” पारखी पुटपुटले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण अर्धं सगळ्यांनी ऐकलं होतं.

“संघाला मी पत्र लिहितो,” कुलूपराव म्हणाले. त्यांचा आवाज भलताच खणखणीत निघाला. “तीन प्रतींत.”

मालकीणबाईंनी पारख्यांकडे बोट दाखवलं नाही की आवाज चढवला नाही. “निघा,” एवढंच म्हणाल्या. पारखी निघाले. जाताना त्यांना दाराची कडी सापडेना, तेव्हा दिरांनीच ती उघडून दिली.

मग चिमणी रडली. काल राहिलेलं, आजचं, सगळंच. मावशीने तिला छातीशी धरलं आणि “बावळट गं माझी, बावळट,” असं म्हणत स्वतःही डोळे पुसले. आपण जिंकलो, अगदी चारी मुंड्या चीत केलं त्याला, हे तिच्या अंगभर आत्ता कुठे पसरत होतं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, आणि ती ओरडलीही. समोरच्या दुकानातली दोन माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

७

मालकीणबाई मात्र तिथेच उभ्या होत्या. मानी बाई. माफी मागायची सवय नव्हती त्यांना.

“ते झाकण,” शेवटी त्या म्हणाल्या. “एकदा उघडून दाखव मला.”

चिमणीने डोळे पुसले, नख लावलं आणि चेहरा उघडला. आत दोन लाल खडे, एक वर, एक खाली. मालकीणबाईंनी ते पहिल्यांदाच पाहिले. सासूबाई गेल्या, त्यांनीही पाहिले नसतील.

“लग्न होऊन आले तेव्हापासून हे बंद होतं,” त्या म्हणाल्या. “मी याला आयुष्यभर एक कुरूप पक्षी समजत आले. तू नसतीस, तर आत काय आहे ते मला मरेपर्यंत कळलं नसतं. आणि मी तुझं तोंड बघायचं नाही म्हणाले. चुकले मी, पोरी.”

“असू दे हो, बाई.”

“असू दे कसं? ही बिजागरी कुणी केली?”

“मी.”

“मग इथे तुझी खूण का नाही?”

चिमणी गोंधळली. “जुन्या मोठ्या कारागिराची वस्तू आहे. दुरुस्ती करणारा सहसा... मला धीर झाला नाही.”

मालकीणबाईंनी टेबलावरून ठसा उचलला. संघाच्या कागदाशेजारी तो अजून तसाच पडला होता. त्यांनी तो चिमणीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

“घाल,” त्या म्हणाल्या. “त्याच्या नावाच्या शेजारी. उद्या सगळं गाव बघायला येणार आहे. त्यांना दोन्ही नावं दिसू देत.”

चिमणीने बिजागरी सोडवून तिची पट्टी ऐरणीवर ठेवली. ठसा उभा धरला. तिने एकदा नेम पाहिला आणि हातोडी उचलली. दिरांनी श्वास रोखला, कुलूपरावांनी चाव्या मुठीत धरल्या. मावशी, जी तीस वर्षं आणि एक दिवस कधी गप्प बसली नव्हती, ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

हातोडीचा एकच घाव पडला. स्वच्छ, टणत्कार करत. चिमणीने भिंग लावून पाहिलं आणि मान वर केली. तिचा सगळा चेहरा हसत होता.

“उमटली,” ती म्हणाली. “मावशी, बघ ना, अगदी शेपटीसकट उमटली!”